वीतभर माणगा

“उठ गो चेडवा! परत चढ! पाय जरा उगडे ठेव!”

विश्राम मेस्त्री कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. लांबवर त्यांची मुलगी रसिका पाण्यातून डोकं वर काढून बोर्डाला हात घालत होती. सकाळपासून ती किती वेळा पडली, हे मोजायचं मी सोडून दिलं होतं. मी टॉवेल आणि पेजेचा डबा घेऊन वाळूत उभी होते.

ती परत चढली. हातातलं फुगवलेलं शीड तिने वाऱ्यात धरलं, बोर्डाला वेग आला, आणि बोर्ड पाण्यावरून उचलला गेला. ते दृश्य मी कितीही वेळा पाहिलं तरी मला नवंच वाटायचं. पाण्याला न टेकता, आवाज न करता ती हवेत तरंगल्यासारखी पुढे सरकली. मग वळायला म्हणून तिने टाचेवर भार दिला. बोर्ड क्षणभर काहीच करेना. मग एकदम थरथरला, नको तितका वळला, आणि रसिका तोंडावर आपटली.

“पायाची चूक!” मेस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले. “टाच उशिरा मारता ता.”

टाच उशिरा पडत नव्हती. मी पाहत होते. टाच वेळेवर पडत होती, बोर्ड उशिरा ऐकत होता.

ज्यांनी असा बोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. वर साधी फळी असते, माणूस उभा राहील एवढी. फळीच्या खाली एक उभा खांब जोडलेला असतो, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला विमानासारखा छोटा पंख असतो. वेग आला की पाण्यातला तो पंख सगळं ओझं उचलतो, आणि फळी पाण्याच्या वर येते. वर माणूस, खाली पंख, आणि दोघांमध्ये फक्त तो मास्ट.

रसिकाच्या बोर्डाचा मास्ट तिच्या बापाने बनवलेला होता.

गोव्याचा एक ट्रेनर हंगामभर आमच्या भाटवेळच्या किनाऱ्यावर पर्यटकांना शिकवायला आला होता. रसिका त्याच्याकडे बोर्ड धुण्याचं काम करायची आणि काम संपलं की उडायला शिकायची. जाताना तो एक बोर्ड तिला देऊन गेला, कारण त्याचा मास्ट वाळूच्या दांड्यावर आपटून मोडला होता. नवा आणणं शक्य नव्हतं. तेव्हा मेस्त्रींनी माणगा तोडून आणला. आमच्याकडचा हा बांबू आतून भरीव असतो. त्याच्या पातळ पट्ट्या काढून, एकावर एक चिकटवून, वर काचेचं कापड आणि राळ चढवून त्यांनी मास्ट उभा केला. लांबीला मोडलेल्या मास्टइतकाच. पंखासाठी खाली खाच आणि वर बसवायला फणसाचा ठोकळा, त्यात दोन आरपार बोल्ट. इतकी गुळगुळीत वस्तू मी आयुष्यात फार थोड्या वेळा हातात धरली आहे.

दुपारी निवड चाचणी होती. शिडाच्या खेळांचं एक प्रशिक्षण केंद्र किनाऱ्यावरची मुलं निवडायला आलं होतं. अठराच्या आतली मुलं हवी होती, आणि रसिकाला येत्या आषाढात अठरा पुरी होणार होती. पुढच्या वर्षी दार बंद. नाही निवडली तर तिचा मामा तिला कोळंबी सोलायच्या कारखान्यात लावणार होता. तिथे त्याने शब्दसुद्धा टाकून ठेवला होता.

रसिका बोर्ड ओढत बाहेर आली. ओठ निळे पडले होते.

“माजीच चूक बाबा,” ती म्हणाली. “टाच उशिरा पडली.”

“सांगलंय ना तुका.” मेस्त्रींनी बोर्ड उलटा केला आणि मास्टवरून तळहात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी थोडा वाकवला. तो वाकला आणि सरळ झाला. “बघा बाई. वाकता म्हणान वाचता. गोयंकाराचो वाकूक नाय, तुटलो. उलांडी अशीच बांधतत. कडक बांधलास तर पयल्याच लाटेक मोडतली.”

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या वाशांनी जोडलेला लाकडी तरंगता ओंडका. तो होडीला उलटू देत नाही. ते वासे काथ्याने बांधतात, म्हणजे लाट आली की सगळं थोडं थोडं हलतं आणि काहीच मोडत नाही. मेस्त्रींनी जन्मभर अशा होड्या बांधल्या होत्या.

“चाय घेवन येतंय,” म्हणून ते वाडीकडे गेले. मी रसिकाच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

“रसिका, माझ्याकडे बघ. टाच उशिरा पडते?”

ती पेज पीत राहिली.

“मास्ट वाकतोय ना?”

“बाई, त्यांना सांगू नका.”

“अगं, दुपारी चाचणी आहे!”

“म्हणून तर. आज नका सांगू.” तिने डबा खाली ठेवला. “कधीच नका सांगू. मी शिकतेय ना. जरा आधी टाच मारायची, म्हणजे तो वाकून सरळ होईपर्यंत वेळ मिळतो. कधी कधी जमतं.”

“वाऱ्यात जमेल?”

 वाळूत बोटाने काहीतरी ओढत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला आठवतंय ना, गेल्या वर्षी.”

आठवत होतं. फायबरच्या होड्या आल्यापासून मेस्त्रींच्या हातात करवत उरली नव्हती. होड्या बांधायच्या मांगरात बसून ते दिवसच्या दिवस भिंतीकडे बघायचे. जेवण समोर ठेवलेलं तसंच राहायचं. मग एका सकाळी जाळं ओढणाऱ्यांनी त्यांना समुद्रात घुसलेल्या खडपाजवळच्या पाण्यातून बाहेर काढलं. मेस्त्री म्हणाले, पाय घसरला. सगळी वाडी म्हणाली, पाय घसरला. मीही म्हटलं. घरात रसिका सोडून दुसरं कोणी नव्हतं. तिची आई ती लहान असतानाच गेली होती.

“हा मास्ट करायला बसले आणि माणसात आले,” रसिका म्हणाली. “रोज उठून विचारतात, आज कसा उडलो? मी काय सांगू? तुमचा हात चुकला म्हणून?”

“आणि तू? तुझं काय?”

“कोळंबी सोलीन. हात काय झडत नाहीत.”

मेस्त्री चहाची किटली घेऊन येताना दिसले. ती पटकन उठून हसली. “बाबा, आता बरोबर जमतला बघा!”

मी पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. मूल खोटं बोलतंय हे मला पाठमोरंही कळायचं. पण इतकं सराईत, इतकं प्रेमाने बोललेलं खोटं मी पाहिलं नव्हतं. मी चहा घेतला आणि गप्प बसले.

*

दुपारी वारा भरला. खाडीच्या तोंडाबाहेरच्या पाण्यात दोन लाल फुगे सोडले होते. त्यांना वळसा घालून परत यायचं, प्रत्येकाला तीन फेऱ्या, सगळ्यांत चांगली फेरी धरणार. निवड करणारे सोनावणे सर उन्हाने रापलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते.

पहिल्या फेरीत रसिका पहिल्या फुग्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. वारा जितका जास्त, तितका भार जास्त, आणि तितका मास्टचा बाक जास्त. ती उचलली जायची, डावीकडे झुकायची, बोर्ड भलतीकडे जायचा. शेवटी पोहत परत आली.

सोनावणे सरांनी बोर्ड उलटा केला, पंख धरून हलवला. मास्ट डोलला.

“हे काय आहे?”

“मास्ट, सर.”

“हा मास्ट? मला वाटलं गळाची काठी.” बाजूची दोन मुलं हसली. “कोणी केला?”

रसिकाची नजर बाजूला गेली. मेस्त्री दहा हातांवर उभे होते.

“मीच,” ती म्हणाली. “मी केला सर. घाईत.”

मी मेस्त्रींकडे बघितलं. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता. लाकूड चिरताना असायचा तसा, स्थिर.

“मुली, तुझे पाय चांगले आहेत,” सोनावणे सर म्हणाले. “पण ह्याच्यावर कोणीही पडेल. आमच्याकडे एक अॅल्युमिनियमचा आहे. शिकाऊ मुलांचा, आखूड. पण कडक आहे. लाव तो.”

“नको सर.”

“नको?”

“मला ह्याची सवय आहे.”

“सवय पडायची आहे तुला.”

“नको म्हटलं ना सर!” तिचा आवाज चिरला. मुलं आता हसत नव्हती.

तेव्हा मेस्त्री पुढे आले. त्यांनी खिशातून पाना काढला, गुडघ्यावर बसले, आणि स्वतः केलेल्या मास्टचे बोल्ट स्वतःच सोडवले. “लाव तो सायबाचो,” ते म्हणाले. “पोरीचा काय ऐकू नकात, साहेब. ताप आसा तिका.” मास्ट काढून त्यांनी वाळूत आडवा ठेवला. अगदी हळू. मग उठले आणि किनाऱ्याने चालू लागले, खडपाच्या दिशेने.

रसिकाने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मी अजून विसरले नाही. तिची दुसरी फेरी पुकारली होती, तिला सोडून जाता येत नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली. एवढंच.

मी निघाले.

*

ज्या वयात गुडघे जिन्याला भितात त्या वयात मी त्या खडपावरून चालत गेले. मेस्त्री अगदी टोकाला उभे होते. खाली पाणी खडकाच्या फटीत शिरून परत ओढलं जात होतं.

“मेस्त्री, पुढे शेवाळ आहे.”

“म्हायत आसा.”

“मग मागे या.”

“बाई, तुमी जावा. चेडू एकटा आसा थय.”

“तुम्ही आल्याशिवाय मी जात नाही.”

“शाळा सुटली कधीच तुमची,” ते म्हणाले. “आता तरी फळो पुसा.”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले.  समोर खाडीच्या तोंडाबाहेर रसिका दिसत होती, अॅल्युमिनियमच्या मास्टवर. बोर्ड उचलला गेला. पहिला फुगा. तिने टाच दाबली आणि बोर्ड तिथल्या तिथे वळला, धाग्याने ओढल्यासारखा.

“बघा,” मेस्त्री म्हणाले. “बरा उडता. आता माजी काय गरज?”

 पण पुढच्याच क्षणी समोरून लाट आली. आखूड मास्ट, त्यामुळे पंख पाण्याच्या पृष्ठभागाला फार जवळ. लाट खाली बसली तसा पंख उघडा पडला, हवा चाटून गेला, आणि उचलणारं बळच नाहीसं झालं. बोर्ड फळीसारखा पाण्यावर आदळला. रसिका उडून पुढे पडली. उठली. पुन्हा चढली. पुढच्या लाटेला पुन्हा तेच.

मेस्त्री बघत राहिले. मग पाण्याकडे बघतच बोलले, “गेल्या वर्षी पाय घसरलो म्हणान सगळ्यांनी सांगलास. तुमीपण.”

“हो.”

“घसरूक नव्हतो.”

“मला माहीत आहे, मेस्त्री.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. मला रडायला येत होतं, आणि रडून उपयोग नव्हता. धीर देणं मला कधीच जमलं नाही. घाबरलेल्या मुलाच्या हातात काहीतरी द्यायचं आणि त्याला प्रश्न विचारायचा, एवढंच मला येत होतं. खडपाच्या फटीत बांबूची एक वाहून आलेली रिप अडकली होती. ती मी ओढून काढली.

“हे टोक पायाखाली दाबून धरा.”

“कित्याक?”

“धरा हो. म्हातारीचं ऐका.”

त्यासाठी त्यांना टोकापासून दोन पावलं मागे यावं लागलं. त्यांनी रिपेचं एक टोक खडकावर पायाने दाबलं. दुसरं टोक मोकळं, हवेत. मी त्या टोकावर एक शिंपल्यांनी भरलेला दगड ठेवला. रिप चांगलीच खाली वाकली.

“आता अर्धी आत ओढून घ्या. अर्धीच बाहेर राहू दे. हं. तोच दगड ठेवते. अर्धी लांबी, म्हणजे बाक अर्धा व्हायला हवा ना?”

मी दगड ठेवला. मेस्त्री खाली वाकून बघू लागले.

“अर्धो खय,” ते म्हणाले. “वाकूकच नाय.”

“आठवा हिस्सा वाकली. लांबी थोडी कमी केली तरी बाक खूप कमी होतो. तुमच्या मास्टची राळ चांगली, माणगा चांगला, हात चांगला. फक्त एवढ्या लांबीला तो वाकतो.”

“पण वाकूकच होयो, बाई!” ते एकदम चिडून म्हणाले. बरं वाटलं मला. “दर्यात न वाकणारा लाकूड तुटता. माज्या बापाशीन शिकवल्यान, तेच्या बापाशीन शिकवल्यान. उलांडी…”

“ती उलांडी आहे का?”

“मगे काय?”

“मेस्त्री, उलांडी होडीला सांभाळते. लाट जे सांगेल ते ऐकते आणि डोलते. हा मास्ट कोणाचं ऐकतो?”

त्यांनी रिपेवरचा पाय काढला.

“पोरीचं ऐकतो,” मी म्हटलं. “ती वर टाच मारते, ती टाच खाली पंखाला कळायला हवी. मास्ट वाकला तर निरोप वाटेतच रेंगाळतो. पंखाला कळेपर्यंत पोरगी पडलेली असते. होडीत अशी वस्तू कोणती आहे? जिला वाकून चालत नाही?”

हा प्रश्न मी उत्तर माहीत असून विचारला नव्हता. मला होडीतलं काय कळतं? पण मेस्त्रींचे ओठ हलले. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि हवेत एक दांडा धरून फिरला.

“सुकाणू,” ते म्हणाले. “सुकाणाचो दांडो. तेका आमी सगळ्यात कडक लाकूड घेतंव. तो वाकलो तर नाखव्याचो हात खय आणि होडी खय.” ते खडकावर मटकन बसले. “मी सुकाणू करूचा तर उलांडी केलंय.”

खाली पाणी फटीत शिरलं आणि परत गेलं.  मला वाटलं, संपलं. इथून पुढे सोपं. तेव्हा त्यांनी विचारलं,

“तिका म्हायत होता?”

मी नाही म्हणू शकले असते. वाडीने शिकवलेलंच होतं.

“होतं,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं जेव्हा ते उठले आणि मी ओढली गेले.

“सोडा बाई,” ते म्हणाले. “तिसरी फेरी रवली हा ना? पिशवी वाळूत आसा माजी. करवत आसा तेच्यात.”

*

मी धापा टाकत सोनावणे सरांना गाठलं. रसिकाला सगळ्यांत शेवटी पाठवा, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खडपावर कापून रक्ताळलेल्या माझ्या पायाकडे बघितलं, आणि मान हलवली.

मेस्त्रींनी मास्ट होडीच्या काठावर आडवा टाकला होता. वरच्या टोकापासून त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत मोजली.

रसिका धावत आली. “बाबा! काय करतास?”

“कापतंय.”

“नको! चांगलो आसा तो! बाबा, नको, तो तुमी…” ती मास्टवर आडवीच पडली. “चूक माजीच आसा. मी सांगलंय ना तुमका! त्या साहेबाक काय कळता?”

“उठ.”

“नाय.”

“रसिका. ह्या टोक धर. हलता नये.”

ती उठली. तिने पंखाकडचं टोक धरलं. करवत लागली. काचेच्या कापडाचा पांढरा भुगा उडाला, मग माणग्याचा पिवळा. चिरत असतानाच, वर न बघता, मेस्त्री म्हणाले, “इतके दिस पडत होतंस. सांगूक नाय माका.”

तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. समुद्राचं होतं की तिचं, सांगता येत नव्हतं.

“तुमी जेवत होतास,” ती म्हणाली.

करवत थांबली. मी दुसरीकडे बघितलं. थोड्या वेळाने करवत परत सुरू झाली.

कापलेला तुकडा वाळूत पडला. मेस्त्रींनी गिरमिटाने नवी भोकं पाडली, टोक ठोकळ्यात ठोकून बसवलं, बोल्ट आवळले. मग पंख धरून सगळं जोर लावून हलवलं. मास्ट जरा दबला. पण डोलला नाही.

“अॅल्युमिनियमच्यापेक्षा लांब आसा,” ते म्हणाले. “लाटेक पुरतला. पयल्यापेक्षा आखूड आसा. तुजा ऐकतला. आता टाच आधी मारू नको. होयी तेव्हाच मार. कळला?”

“हां.”

“माज्याकडे बघून सांग.”

“कळला बाबा.”

तिचं नाव पुकारलं.

ती आत गेली तेव्हा वारा आणखी चढला होता. बोर्ड उचलला गेला. मेस्त्री गुडघाभर पाण्यात, मग मांडीभर. पहिल्या फुग्यापाशी तिने टाच दाबली, आणि मी डोळे मिटले. ओरडण्याचा आवाज आला नाही. उघडले तेव्हा ती फुगा ओलांडून गेली होती, हवेत, तिरपी, शीड पोटाशी. दुसऱ्या फुग्यापाशी मी डोळे उघडे ठेवले. टाच पडली आणि त्याच क्षणी बोर्ड वळला. आमच्या बाजूला उभी असलेली मुलं काहीतरी ओरडली. मेस्त्री ओरडले नाहीत.

परतीच्या वाटेवर, किनारा अगदी जवळ आला असताना, एक उंच लाट समोरून उठली. ती लाटेवर चढली, लाट तिच्याखालून निघून गेली, पंखाचं टोक उघडं पडलं. हवा चाटली. बोर्ड आदळला आणि ती पाण्यात गेली.

शेवटची फेरी होती ती. मी वाळूत बसले.

रसिका बोर्ड मेस्त्रींपाशी पाण्यातच सोडून वर आली. सोनावणे सर तिच्यापाशी गेले.

“पडलीस.”

“हो सर.”

“कुठे पडलीस?”

“लाटेवर.”

“वळणावर नाही. दोन्ही वळणं कापलीस, ह्या वाऱ्यात. असं वळायला शिकवताना आमचा जीव जातो.” त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “लाटेपुरती लांबी आम्ही देऊ. जूनमध्ये ये.”

तिने शीड वाळूत टाकलं. मग वळून धावत सुटली.

“बाबा! घेतल्यानी माका! बाबा!”

मेस्त्री उथळ पाण्यातच बसले होते. त्यांनी बोर्ड उलटा करून मांडीवर घेतला होता आणि ठोकळ्याच्या खाली बोटं लावून बघत होते.

“दोन बोटां जास्त कापलंय. नवो करताना लांब ठेवूक होयो,” ते पुटपुटत होते.

“बाबा, ऐकलास काय? जूनात येवक सांगल्यानी!”

“ऐकलंय गो. हय ये. हो पंख धर. ती शेवटची लाट इली तेव्हा पाणी खयपर्यंत होता, ता दाखव आधी.”

रसिका थांबली. मग खाली बसली आणि मास्टवर एका जागी बोट ठेवलं. मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून तिथे रेघ मारली. ओल्या राळेवर ती उमटेना. त्यांनी पेन्सिल पाण्यात टाकून दिली आणि गिरमिटाच्या टोकाने ओरखडा काढला.

“आता ह्याच्या वर दोन बोटां धर,” ते म्हणाले. “आणि हसू नको. हात हलता तुजो.”